घराची दुसरी खोली

नमस्कार श्रोतेहो.

सरकारच्या तिजोरीत पैसा कमी पडला की हप्ते थांबतात. घरकुलाचा थांबतो, वाचनालयाच्या अनुदानाचाही थांबतो. कागदावर ही दोन खाती वेगळी, पण गावात दोन्हींचा फटका बसतो तो बहुतेक वेळा एकाच घराला.

ग्रामीण घरकुल किमान 269 चौरस फुटांचं. त्यात चूल, आजी, धाकटी भावंडं, रात्री चालणारा टीव्ही. दहावीच्या पोरानं बसायचं कुठं? वाचनालयात. म्हणून मी वाचनालयाला घराची दुसरी खोली म्हणतो.

आता एक गोष्ट सांगतो. मी ती जाईन तिथं सांगतो, आज तुम्हीही ऐका.

आमच्या भागातलं एक 'ड' वर्गाचं, म्हणजे अनुदानाच्या सर्वांत खालच्या वर्गातलं वाचनालय. एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल. संध्याकाळी तिथं पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली बसायची. त्यात एक मुलगी होती. तिच्या घरकुलाचं काम लिंटेलपर्यंत, म्हणजे दाराखिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत येऊन थांबलेलं, पुढचा हप्ता नाही. जुनं घर पाडून टाकलेलं, त्यामुळे सगळं कुटुंब ताडपत्रीखाली. ती पोर रात्री नऊपर्यंत वाचनालयात बसायची.

त्याच वर्षी वाचनालयाच्या अनुदानाचा दुसरा हप्ताही रखडला. विजेचं बिल थकलं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर वायरमननं जोडणी तोडली. ग्रंथपाल बाईंनी दोन दिवस मेणबत्त्या लावल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या काकांनी आपल्या मीटरवरून वायर ओढून दोन बल्ब लावून दिले. पण गिरणी सुरू झाली की बल्ब मंदावायचे, अक्षर दिसेना. आणि गावातल्या बाया दळण आणणार कधी? शेतातून परतल्यावर, म्हणजे नेमकं संध्याकाळीच.

काकांनी पाटी लावली : "संध्याकाळी सहा ते नऊ दळण बंद. मुलं अभ्यासाला बसली आहेत." पहिले चार दिवस बायांनी कुरकुर केली. मग त्या मुलीच्या आईनं स्वतःच घरोघरी जाऊन सांगितलं, डबे सकाळी लवकर ठेवत चला. आणि बाया डबे सकाळी ठेवू लागल्या! परीक्षा होईपर्यंत त्या गावात संध्याकाळी पीठ दळलं गेलं नाही. ती मुलगी त्या वर्षी थोडक्यात राहिली, पुढच्या भरतीत लागली. पण मला पाटी जास्त आठवते. सरकारी हप्त्याची भर एका गिरणीवाल्यानं आपल्या तीन तासांच्या धंद्यातून घातली.

  

तर अनुदानाचं गणित ऐका. 'ड' वर्गाला वर्षाला 30 हजार मिळायचे. 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली, ते 48 हजार झाले. त्या हिशेबानं महिन्याला चार हजार. पुन्हा सांगतो, महिन्याला चार हजार. त्यातले निम्मे पगाराचे, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती दोन हजार. उरलेल्या दोन हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, झाडलोट. आणि हेही वेळेवर आलं तर.

आपला ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यात ग्रंथालय कर नाही. कर्नाटकात, तामिळनाडूत मालमत्ता करासोबत तो गोळा होतो. आपल्याकडे सगळी मदार राज्याच्या अर्थसंकल्पावर. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 च्या सुमारास ग्रंथालयांचं काम हाती घेतलं, तेव्हा गावानं वर्गणी काढली की तेवढीच रक्कम स्थानिक मंडळ घालायचं आणि तेवढीच सरकार. गावाचा एक रुपया तीन रुपये व्हायचा. अशी सोय आपल्या कायद्यातही हवी, असं माझं ठाम मत आहे.

येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा. आपल्या गावात किती घरकुलं हप्त्यासाठी अडली आहेत? आणि ग्रामपंचायत स्वतःच्या उत्पन्नातून वाचनालयाचं निदान वीजबिल तरी भरणार का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

नमस्कार.