मारिकाने रिंग फोडली तरी का?

नमस्कार मंडळी. आज एका देवीचा पंचनामा करायचाय. एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम खेळलेल्यांना नाव सांगायलाच नको, राणी मारिका, आणि ज्यांनी खेळलेला नाही त्यांनाही कळेल असंच बोलणार आहे, फक्त आधीच सांगून ठेवतो, पुढे सगळी गुपितं फुटणारेत, शेवटच्या बॉससकट आणि डीएलसीसकट, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या भागासकट, तेव्हा ज्यांचा गेम अर्धा राहिलाय त्यांनी आत्ताच रेडिओ बंद करा, नंतर मला शिव्या घालू नका.

गेम आला २५ फेब्रुवारी २०२२ ला. कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअर, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्या जगाची पुराणकथा रचायला घेतला जॉर्ज आर. आर. मार्टिन. गंमत अशी की आपण त्या जगात पाय ठेवतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. एल्डन रिंग, म्हणजे त्या जगाचे नियम धरून ठेवणारी शक्ती, फुटलेली, देवी गायब, तिची पोरं एकमेकांशी लढून लढून थकलेली किंवा वेडी झालेली. आणि आपण कोण, तर टार्निश्ड, म्हणजे ज्यांची कृपा, डोळ्यांतला देवीच्या आशीर्वादाचा सोनेरी प्रकाश, काढून घेतली आणि ज्यांना हाकलून दिलं अशा लोकांपैकी एक.

आता या बाईने काय काय केलंय बघा. मृत्यूचा रून, म्हणजे रिंगचा मरण ठरवणारा भाग, रिंगमधून उपटून काढला आणि आपल्या सावलीच्या, म्हणजे मॅलिकेथ या इमानी सेवकाच्या हवाली केला, म्हणजे जगातून खरं मरणच काढून टाकलं. पहिला नवरा गॉडफ्री, ज्याने तिच्यासाठी राक्षसांशी युद्ध जिंकलं, त्याच्याही डोळ्यांतली कृपा काढून घेतली आणि माणसांसकट देशाबाहेर घालवलं. मॉर्गॉट आणि मोग ही जुळी पोरं शिंगं घेऊन जन्मली म्हणून राजधानीच्या खाली गटारांत बेड्या घालून ठेवलेली. मेस्मर नावाच्या अजून एका मुलाला एक अख्खा प्रदेश जाळायच्या कामाला लावलं आणि मग तो प्रदेश आणि तो मुलगा दोघांनाही सावलीखाली झाकून टाकलं, पुन्हा विचारलंसुद्धा नाही. आणि सगळ्यात शेवटी स्वतःच हातोडा घेऊन एल्डन रिंग फोडली, ज्या रिंगवर तिचं सगळं राज्य उभं होतं, आणि ती रिंग कुठे होती तर तिच्या स्वतःच्याच शरीरात.

का? गेम सांगत नाही. मारिका आपल्याशी थेट एक अक्षर बोलत नाही, तिची जुनी वाक्यं ठरावीक ठिकाणी मेलीना, म्हणजे प्रवासात आपल्या सोबत असलेली मुलगी, आपल्याला ऐकवते तेवढीच. बाकी सगळं तलवारीच्या, चिलखताच्या, एखाद्या ताईताच्या वर्णनात दोन-तीन ओळींत लपवलेलं, आणि त्यातही अर्धी वाक्यं "असं म्हणतात" म्हणून संपणारी. मियाझाकीने मुलाखतींत सांगितलंय की लहानपणी तो इंग्रजी फँटसी पुस्तकं वाचायचा, सगळं समजायचं नाही, मग न समजलेला भाग तो स्वतः कल्पना करून भरून काढायचा. त्याच्या गेम्समध्ये तेच काम आता आपल्या गळ्यात मारलंय. आणि आपण ते इतकं मन लावून करतो की गेम संपवायला लागतो त्याहून जास्त वेळ वाद घालण्यात जातो.

तर थिअरीज. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोयीची म्हणजे मारिका बिचारी कठपुतळी होती. वर ग्रेटर विल नावाची कुठली तरी शक्ती, तिचे निरोप टू फिंगर्स, म्हणजे दोन अवाढव्य बोटं, वाचणार, आणि मारिका फक्त त्या शक्तीचं भांडं, तिने काही ठरवलंच नाही, आणि शेवटी या सगळ्याला वैतागून तिने रिंग फोडली, म्हणजे ते बंड होतं. २०२२ मध्ये ही थिअरी पटायची कारण समोर दुसरं काही नव्हतं. पण २१ जून २०२४ ला डीएलसी आला आणि तिथे काउंट यमीर नावाचं पात्र भेटतं, तो सांगतो की मारिका आणि तिला वाट दाखवणारी बोटं, सगळं मुळातच बिघडलेलं होतं, आणि त्याहून खोल म्हणजे त्या बोटांची आईच बिघडलेली आहे. ही आई म्हणजे मेटिर. तिच्यापासून मिळणाऱ्या एका काठीच्या वर्णनात सरळ लिहिलंय की तिला ग्रेटर विलकडून संदेश यायचे, मग ती मोडली, टाकून दिली गेली, तरी पुढच्या संदेशाची वाट बघत राहिली. म्हणजे वरून फोनच बंद आहे. बोटं इतकी वर्षं जे वाचून दाखवत होती ते कुठून येत होतं देव जाणे, आणि इथे देवालाही माहीत नाही ही अडचण.

त्यात प्लॅसिडुसॅक्सची गोष्ट धरा, एर्डट्रीच्या, म्हणजे मारिकाच्या राज्यातल्या त्या सोनेरी महावृक्षाच्या, आधीच्या काळातला ड्रॅगन राजा, त्याचाही देव पळून गेला आणि तो काळाच्या बाहेर वादळात बसून वाट बघतोय. या जगात वरचे लोक निघून जातात आणि खालचे वाट बघत बसतात हे परत परत येतं. तेव्हा हुकूम देणारा जागेवरच नसेल तर "मला हुकूम होता" ही पळवाट मारिकाला मिळत नाही, असं माझं मत. हां, पण यमीरचं किती ऐकायचं तेही बघा, त्याला स्वतःलाच त्या सगळ्या बोटांची आई व्हायचंय. साक्षीदारच आरोपी निघतो या गेममध्ये.

दुसरी थिअरी, कटाची. ब्लॅक नाइव्ह्जच्या रात्री मारिकाचा लाडका मुलगा गॉडविन मारला गेला. त्यात मारिकाच्या सावत्र मुलीचा, रानीचा हात होता हे रानी स्वतःच कबूल करते, तिने मृत्यूच्या रूनचा तुकडा चोरला, तिचं शरीर मेलं आणि गॉडविनचा आत्मा मेला, एक मरण दोघांत वाटून घेतलं. इथपर्यंत पक्कं. पण त्या मारेकऱ्यांच्या चिलखताचं वर्णन वाचलं की तिथे येतं की त्या सगळ्या बायका होत्या आणि मारिकाशी जवळचं नातं असलेल्या न्यूमेन, म्हणजे तिच्याच वंशाच्या, होत्या अशी वदंता आहे. झालं, लोकांनी पकडलं, मारिकाच सूत्रधार. त्यात मॅलिकेथ, ज्याच्याकडून तो रून चोरीला गेला, तो बिचारा "मारिका, मला का फसवलंस" असं विचारतो. एवढे दोन धागे घेऊन लोकांनी तासतासभराचे व्हिडिओ केलेत. मला ही थिअरी आवडते पण पचत नाही. कारण वदंता म्हणजे वदंता, आणि दुसरं म्हणजे अशा थिअरीत मारिका इतकी हुशार होऊन बसते की तिच्याकडून काही चुकतच नाही, मुलगा मेला तेही प्लॅन, राज्य बुडालं तेही प्लॅन, रिंग फोडल्यावर ती एर्डट्रीच्या आत लटकली तेही प्लॅनच. मग दुःख कशाचं?

आता तिसरी, जी डीएलसीनंतर सगळ्यांच्या तोंडी आहे. सुडाची. इथे थोडं थांबतो कारण गेममधली माझी सगळ्यात आवडती जागा इथे येते.

डीएलसीमधल्या शॅडो कीप या किल्ल्याच्या मागच्या बाजूला मारिकाचा पुतळा आहे, त्याच्यापुढे उभं राहून "हे आई" अशी एक विशिष्ट मुद्रा करावी लागते, मग वाट उघडते. ती मुद्रा मिळते बॉनी व्हिलेजमध्ये, म्हणजे जिथे शामन बायकांना मोठ्या मोठ्या रांजणांत कोंबायचे तिथे. तिथला छळाचा एक चाबूक आहे, त्याच्या वर्णनात येतं की शामनांचं मांस दुसऱ्यांच्या मांसात छान मिसळून जातं. म्हणून हॉर्नसेंट लोक, शिंगं पवित्र मानणारे, गुन्हेगारांच्या तुकड्यांबरोबर या बायकांना रांजणात भरायचे, की त्यातून म्हणे चांगली माणसं जन्माला येतील. एका तुरुंगात एक भूत बोलतं, की तुझी जागा रांजणातच, तुला जन्म दिला तोच यासाठी. हे बघून आलेला माणूस ती मुद्रा करतो, वाट चढून जातो, आणि पुढे शामन व्हिलेज. फुलं, दोन-चार घरं, लढायला कोणीच नाही. एक सोनेरी झाड, त्याचा मंत्र उचलला की कळतं की मारिकाने आपल्या जन्मगावाला सोन्याने न्हाऊ घातलं, बरं करायला तिथे कोणी उरलेलं नाही हे पूर्ण माहीत असून. आणि आजीपुढे ठेवलेली, कापलेली सोनेरी वेणी. तिची काय प्रार्थना होती, काय इच्छा होती, कशाची कबुली होती, उत्तर द्यायला कोणी नाही, आणि मारिका परत कधी घरी आली नाही. एवढंच लिहिलंय. शेकडो तास जी बाई दगडाची मूर्ती होती ती इथे एकदम कोणाची तरी नात होते.

त्यामुळे मेस्मरने हॉर्नसेंटचा प्रदेश का जाळला याला सूड हे उत्तर मला बऱ्यापैकी पटतं. शिंगवाली बाळं इकडे अशुभ का हेही त्यात बसतं. साध्या घरातल्या बाळांची शिंगं कापून टाकायची, राजघराण्यातल्यांची कापायची नाहीत पण जन्मभर जमिनीखाली कोंडायची, कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. तिकडे शिंग म्हणजे पवित्र, इकडे शिंग म्हणजे शाप, यात मारिकाचा जुना राग दिसतोच. पण पुढे काय होतं की लोक या वेणीवरून थेट तिला माफ करायला निघतात, आणि तिथे माझं जमत नाही. मॉर्गॉट त्या गावात नव्हता हो. तो गटारातून वर आला आणि ज्या झाडाने त्याला कधी जवळ केलं नाही त्याच झाडासाठी शेवटपर्यंत लढला. त्याच्यावर कधी कोणी प्रेम केलं नाही तरी त्याने प्रेम केलं, असं त्याच्याबद्दल लिहिलंय. रांजणाची गोष्ट कळल्यावर मॉर्गॉटच्या बेड्या हलक्या होतात का? मला तर जास्तच जड वाटायला लागल्या, कारण बंद जागेत कोंबणं म्हणजे काय हे जिला सगळ्यात जास्त माहीत होतं तिनेच ते केलं.

आणि सूड म्हटलं तरी मूळ प्रश्न राहतोच, रिंग का फोडली? हॉर्नसेंट तर संपले होते. सूड उगवून झाला, राज्य मिळालं, मरण हद्दपार केलं, मग स्वतःच्याच पोटातली रिंग फोडायची कोणासाठी?

मला वाटतं की सगळ्या थिअरीज भांडतात त्या एकाच कारणाने. सगळ्यांना एक मारिका हवी आहे आणि एकच हेतू. या गेममध्ये सनावळी नावाची गोष्टच नाही, कुठली घटना आधी कुठली नंतर हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, मग आपण तिची सगळी वाक्यं एका टेबलावर पसरतो आणि ती सगळी एकाच दिवशी बोलल्यासारखी वाचतो. पण गाव गमावलेली पोरगी वेगळी. मरण काढून टाकणारी राणी वेगळी, तिला बहुतेक आता कोणालाच गमवायचं नव्हतं, आणि हे मी गावावरून जोडतोय, गेम असं म्हणत नाही. मग मेलीना ऐकवते त्यात एक वाक्य आहे, की मी गोल्डन ऑर्डरच्या तळाशी जाऊन शोध घेणार, म्हणजे स्वतःच उभारलेल्या व्यवस्थेवर तिचा संशय सुरू झालाय, ही आणखी वेगळी. गॉडफ्रीला सांगते की मी तुझी कृपा काढून घेते, तू मेल्यावर परत देईन, मग परत ये, लढ आणि एल्डन रिंग हातात घे. हाकलतानाच परतीचं आमंत्रण. आणि मुलांना म्हणते, राजा व्हा, देव व्हा, काय व्हायचं ते व्हा, पण काहीच झाला नाहीत तर तुम्हाला टाकून देईन, बळी म्हणून. हे आईचं बोलणं नाही, पण ज्याला काही केल्या सुटायचंय त्याचं असू शकतं.

आणि गॉडविन मेला. मरण हद्दपार केलेल्या घरात मरण शिरलं, तेही अर्धवट, आत्मा गेला आणि शरीर मुळांमध्ये वाढतच राहिलं. माझ्या हिशोबाने त्या रात्री तिचा आधीचा सगळा हेतूच निकालात निघाला. ज्याच्यासाठी एवढं केलं तेच टिकलं नाही. मग हातोडा. त्यामुळे बंड की शोक असं विचारणाऱ्यांना मी म्हणतो, संशय आधीपासून होता, शोकाने हात उचलायला लावला.

या सगळ्यावर गिडियनचं उत्तर मात्र भारी आहे. सर गिडियन ऑफनिर, स्वतःला सर्वज्ञ म्हणवणारा, म्हणजे गेमच्या आतला थिअरीवालाच, सगळीकडून माहिती गोळा करणारा. तो सगळं जमवून शेवटी या निष्कर्षाला येतो की राणी मारिकाची इच्छा एकच, आपण झगडत राहावं, अनंतकाळ. आणि एवढ्यावर तो आपल्यावर शस्त्र उचलतो. सगळे पुरावे हातात असून माणूस कुठे पोचतो याचं हे उदाहरण गेमने मुद्दाम ठेवलंय असं मला वाटतं, चिमटा आहे आपल्याला.

आता माझ्या थिअरीतलं भोक. रॅडागॉन, मारिकाचा दुसरा नवरा. राजधानीत रॅडागॉनचा पुतळा आहे, त्याच्यापुढे लॉ ऑफ रिग्रेशन हा मंत्र म्हणायचा, त्याला आपल्या पात्राचा इंटेलिजन्स हा गुण ३७ लागतो, म्हणजे नुसती तलवार फिरवणाऱ्याला ते दिसतच नाही, आणि मंत्र म्हटला की पुतळ्याच्या जागी मारिका. रॅडागॉन म्हणजेच मारिका. एकाच शरीरात दोघं. हातोड्याच्या वर्णनात लिहिलंय की याच हातोड्याने मारिकाने रिंग फोडली आणि याच हातोड्याने रॅडागॉनने ती जोडायचा प्रयत्न केला. शेवटच्या लढाईत तो समोर येतो तेव्हा अंगभर तडे आणि हातात तोच हातोडा. आणि मेलीना ऐकवते त्या जुन्या वाक्यांत मारिका त्याला म्हणते काय, तर गोल्डन ऑर्डरच्या इमानी कुत्र्या, तू अजून मी झालेला नाहीस, अजून देव झालेला नाहीस, चल, दोघंही फुटू या. म्हणजे "मारिकाचा हेतू" असं मी इतका वेळ म्हणतोय तर त्या शरीरात एकाच वेळी दोन हेतू होते, एक फोडणारा, एक जोडणारा. काळाप्रमाणे बदलत गेलेली मारिका मी मांडली, पण एकाच दिवशी दोन्ही करणारी कशी मांडायची? रॅडागॉन आधी वेगळा माणूस होता आणि नंतर तिच्यात आला, की तिनेच स्वतःतून काढला, यावर गेममध्ये पुरावा इतका थोडा आहे की जो तो आपल्याला हवं ते म्हणतो. मी "तिनेच काढला"वाल्यांत आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरावा काय, तर काही नाही.

चला, नमस्कार.