गाळात लिहिलेला वेग

[दृश्य: जहाजावरची प्रयोगशाळा. उभी चिरलेली नळी, आत राखाडी-हिरवट गाळ.]

खोल समुद्रतळातून काढलेला हा गाळ बोटांत चोळून बघा, फारसं काही कळत नाही. म्हणून भूशास्त्रज्ञ यातला कणभर गाळ समोरच्या दातांत धरतात. लोण्यासारखा लागला तर चिकणमाती, बारीकशी कचकच जाणवली तर पोयटा, म्हणजे चिकणमातीहून जाड कण. या नळीत खाली लोणी आहे, जरा वर कचकच, त्याच्याही वर पुन्हा लोणी. म्हणजे खोल अंधारात कधीतरी पाण्याचा वेग वाढला आणि मग ओसरला. पोर्तुगालमधल्या फारो शहरासमोरच्या समुद्रातल्या गाळात हा चढउताराचा क्रम 1984 मध्ये नीट मांडला गेला, आणि समुद्रतळाशी वाहणाऱ्या प्रवाहांनी रचलेला गाळ ओळखायला तो आजही वापरतात.

[दृश्य: नकाशा. जिब्राल्टर, पलीकडे कादिसचं आखात.]

ही गोष्ट सुरू होते भूमध्य समुद्रातल्या उन्हापासून. नद्या आणि पाऊस जेवढं पाणी आणून घालतात, त्याहून जास्त पाण्याची तिथे वाफ होते. मागे उरतं ते खारट, जड पाणी. त्याला बाहेर पडायला दार एकच, जिब्राल्टरची सामुद्रधुनी. अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर रुंद. तळाचा उंबरठा सुमारे 300 मीटर खोल. वरून अटलांटिकचं हलकं पाणी आत येतं आणि त्याच वेळी खालून हे जड पाणी बाहेर जातं.

उंबरठ्याजवळ त्याचा वेग सेकंदाला 2 मीटरच्याही वर जातो. झपझप चालणारा माणूस मागे पडेल, इतका. अशा पाण्यात चिखल कुठला टिकायला? तिथे खडक उघडा पडलाय.

पुढे पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा प्रवाह उजवीकडे कलतो आणि स्पेन-पोर्तुगालच्या उताराला खेटून पश्चिमेला निघतो. डोंगराच्या कुशीतून उंची न सोडता जाणारी पायवाट असते ना, तसा. वेग मात्र कमी होत जातो.

खळ्यावरची उफणणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं लगेच कळेल. दाणा पायाशी पडतो, भूस लांब उडतं. इथेही आधी गोटे आणि जाड रेती, मग वाळूच्या लाटा, मग पोयटा, सगळ्यात शेवटी चिकणमाती. लाखो वर्षं चाललेल्या या उफणणीतून शेकडो मीटर जाडीचे गाळाचे ढिगारे उभे राहिलेत. त्यांना कॉन्टुराइट म्हणतात.

[दृश्य: समुद्रतळाचा जुना फोटो, वाळूवर उमटलेल्या लहरी.]

खोल समुद्राचा तळ निपचित असतो, असं बराच काळ मानलं जाई. 1966 मध्ये भूशास्त्रज्ञ ब्रूस हीझन, चार्ल्स हॉलिस्टर आणि विल्यम रडिमन यांनी मांडलं, की उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचा खोल उतार घडवण्यात अशा प्रवाहांचा मोठा हात आहे. पुढे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियासमोर, जवळपास 5 किलोमीटर खोलीवर, उपकरणांनी तळाशी उठणारी वादळंच टिपली. दिवसेंदिवस पाणी गढूळ. मला तर आजही ही कल्पना अंगावर काटा आणते. इतक्या खाली, इतक्या काळोखात, वादळ!

वेग वाचायचा तो कणांच्या आकारावरून. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 10 मायक्रॉनहून बारीक कण एकमेकांना चिकटून गोळ्यांनी पडतात, त्यांची साक्ष धरता येत नाही. 10 ते 63 मायक्रॉनचे कण मात्र सुटे पडतात. त्यांची सरासरी जाडी वाढली की प्रवाह जोरात होता.

गाळाची ही भाषा आपल्या पावसाबद्दलही बोलते. 2015 मध्ये मालदीवजवळच्या समुद्रतळात छिद्रं घेतली, तेव्हा प्रवाहांनी रचलेले ढिगारे तिथे एकाएकी सुरू झालेले दिसले, सुमारे 1 कोटी 29 लाख वर्षांपूर्वी. आजच्या मान्सूनचे वारे तेव्हा जोर धरू लागले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली गाळ. कणांमध्ये एक निळा धागा.]

आणि हा निळा धागा. प्रवाह गाळ वेचतो, तसं प्लास्टिकही वेचतो आणि त्याच ढिगाऱ्यांत नेऊन टाकतो. 2020 मध्ये इटलीजवळच्या टिरेनियन समुद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे तळाच्या एका चौरस मीटरवर, वरच्या 5 सेंटीमीटर थरात, 19 लाखांपर्यंत सूक्ष्म तुकडे सापडले. त्यांत सर्वाधिक होते धागे, आपल्या कपड्यांतून धुताना सुटतात तसले.