आधी माप, मग फ्रेम

[दृश्य : फ्रेमच्या जोडावर कॅमेरा. ओलं फडकं दोनदा फिरतं. तांबडी रेघ तशीच.]

ही रेघ चिखलाची वाटते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात सायकल घातली की तांबडी माती फटीफटीत शिरते. कितीही धुवा, कुठंतरी उरतेच. ही रेघ मात्र पुसून जात नाही. सीटची उभी नळी आणि वरची आडवी नळी जिथं जोडली आहे, तिथं वेल्डिंगच्या कडेनं ती केसासारखी बारीक गेली आहे. फ्रेम तडकली आहे.

सायकल खानापूरच्या एका तरुणाची आहे. त्याचे मामा बेळगावला उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. भाच्यानं पहिला प्रश्न विचारला तो कुणीही विचारला असता.

“मामा, वेल्डिंग मारून चालणार न्हाई काय?”

“वेल्डिंग धरंल की. खरं शेजारचं मऊ पडंल, त्याचं काय?”

मामांचं बोलणं धातूच्या शास्त्राला धरून आहे. अशा बऱ्याच फ्रेम ६०६१ या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात थोडं मॅग्नेशिअम आणि सिलिकॉन असतं, पण ताकद नुसत्या मिश्रणातून येत नाही. फ्रेम जोडून झाल्यावर ती साधारण ५३० अंश सेल्सिअसला तापवतात, झटकन थंड करतात आणि मग १६० ते १७५ अंशांवर काही तास ठेवतात. या भट्टीमुळं ती कडक होते. नंतर कुणी आर्गॉन वेल्डिंग केलं तर जोड भरतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा धातू पुन्हा नरम होतो. पुढची चीर तिथंच पडते. अख्खी फ्रेम परत भट्टीत घालायची तर ती वाकणार नाही याची खात्री कोण देणार?

म्हणून फ्रेम बदलायची. बाकी सायकल ठणठणीत आहे. चाकं, पुढचं चाक धरणारा चिमटा, ब्रेक, पायडल ज्यावर बसतं तो क्रँक, गिअर यांतलं काहीच टाकण्यासारखं नाही.

[दृश्य : फोनच्या पडद्यावर फ्रेमचे फोटो. शेजारी टेबलावर व्हर्निअर.]

भाच्याला एक फ्रेम फार आवडली होती. गडद हिरवी, किंमतही बरी. मामांनी तिचा तक्ता वाचला आणि मागच्या चाकाच्या मापावर बोट ठेवलं. १४८ मिलिमीटर. जुन्या चाकाचं हब, म्हणजे मधला तुंबा, १३५ चं, आत क्विक रिलीजची बारीक सळी. नव्या फ्रेमला १२ मिलिमीटर जाडीचा आरपार ॲक्सल लागतो. म्हणजे नवं हब, नव्या तारा, पुन्हा चाक बांधणं. शिवाय त्या फ्रेमचं बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा भाग, दाबून बसवायचं, आट्यांचं नाही. म्हणजे जुना क्रँकही गेला.

“फ्रेम भारी हाय. खरं तुझी चाकं त्यात बसायची न्हाईत.”

पार्ट उतरवून दुसरीकडं चढवायचे असतील तर फ्रेम पार्टांना बघून घ्यावी लागते. उलट केलं की स्वस्त फ्रेम महाग पडते. आम्ही भेटलेल्या बऱ्याच पोरांचे पैसे असेच गेले आहेत. फ्रेम हौसेनं आधी येते, मग एकेक पार्ट नव्यानं घ्यावा लागतो आणि शेवटी जुनी सायकल सुट्या तुकड्यांत पोत्यात पडून राहते.

मामांनी वहीत लिहिलेली मापं अशी होती. चाक साडेसत्तावीस इंची. मागचं हब १३५. बॉटम ब्रॅकेट आट्यांचं. चिमट्याची दांडी सरळ, २८.६ मिलिमीटर. सीटची दांडी २७.२. ब्रेक डिस्कचे, १६० ची चकती. क्रँकला तीन रिंगा, ४४, ३२ आणि २२ दातांच्या. मागं नऊ गिअर, सर्वांत मोठी चकती ३४ दातांची.

यांतलं सगळं जसंच्या तसं घेईल अशी फ्रेम आता दुकानात मिळत नाही. मिळाली ती राखाडी रंगाची. चाकाचं माप जुळलं, बॉटम ब्रॅकेटला आटे मिळाले. बाकी ठिकाणी जुळवून घ्यायचं ठरलं.

[दृश्य : किर्लोस्कर रोड, सकाळची वर्दळ.]

बेळगावात सायकलचं आणि लेथचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि किर्लोस्करांच्या उद्योगाचं खातं तिथं उघडलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, थोरले बंधू रामूअण्णा इथं त्या विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला आणि १९१० साली कारखाना कुंडलजवळच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. शहरातल्या या रस्त्याला त्यांचं नाव राहिलं. आज उद्यमबाग आणि मच्छेच्या शेडांमध्ये ओतकाम आणि लेथचं काम चालतं. शंभरावा भाग मिलिमीटर मोजायची सवय असलेली माणसं इथं गल्लोगल्ली सापडतात. सायकलवाल्यासाठी ही मोठी सोय आहे, आणि तिचा उपयोग आपण फार कमी करतो.

[दृश्य : जुनी सायकल स्टँडवर. मामा क्रँकपुलर लावताहेत.]

उतरवण्याचं काम सोपं वाटतं, पण जुने पार्ट खराब होतात ते उतरवतानाच. क्रँक ओढून काढायचा पुलर पूर्ण आत जाईपर्यंत हातानं फिरवायचा. दोन-तीन आट्यांवर भरवसा ठेवून पाना मारला की ॲल्युमिनिअमचे आटे पुलरबरोबर बाहेर येतात. पायडलचंही तेच. डावीकडच्या पायडलला उलटे आटे असतात, आणि बॉटम ब्रॅकेटला चेनच्या बाजूला उलटे असतात. सरळ समजून जोर लावणारा माणूस ते सोडवत नसतो, आणखी आवळत असतो.

बॉटम ब्रॅकेट बाहेर आलं तसं नळीतून तांबडं पाणी ओघळलं. आतल्या मातीचा पार लगदा झाला होता. बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू दळल्यासारखा आवाज. हा पार्ट तसाही नवा घ्यायचाच होता. जुनी नळी ६८ मिलिमीटर रुंद, नवीन फ्रेमची ७३.

चेन मोजायला मामांनी साधी पोलादी पट्टी घेतली. नव्या चेनच्या पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरतं. ते अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढलं की चेन बदलावी. सूतभर वाढेपर्यंत थांबलं तर तोवर मागच्या चकत्यांचे दातही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून घसरते. इथं वाढ अर्ध्या सुताला टेकली होती. चेन गेली, कॅसेट म्हणजे मागच्या चकत्यांचा संच वाचला.

[दृश्य : लेथ. ॲल्युमिनिअमचा दांडा फिरतो आहे.]

आता सीटची दांडी. जुनी २७.२, नव्या नळीचं भोक ३०.९. मधली जागा भरायला बुश हवा. असा बुश बाजारात मिळतो, पण मामांनी तो शेजारच्या शेडमध्ये करून घेतला, आणि आम्हाला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आवडलं ते हेच.

भिंत फक्त १.८५ मिलिमीटर. इतकी पातळ नळी चकच्या तीन जबड्यांत आवळली की तिचा गोलावा जातो. म्हणून जाड दांड्याला आधी आतलं भोक पाडलं. मग तो एका गोल सळीवर घट्ट चढवला आणि बाहेरून उतरवत आणला. वरच्या टोकाला थोडी कड ठेवली, म्हणजे बुश नळीत खाली घसरणार नाही. शेवटी करवतीनं उभी चीर, क्लँप आवळल्यावर बुशही दांडीला धरावा म्हणून. लांबी १०० मिलिमीटर. तोकड्या बुशावर सगळा भार नळीच्या तोंडाशी येतो आणि जुनी फ्रेम तडकली होती ती त्याच जागी.

मामा मराठीत माप सांगत होते, लेथवरचा कारागीर कानडीत उत्तर देत होता, आणि खडूनं लोखंडी टेबलावर आकडे पडत होते. कुणाला काही दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

ग्रीस लावून दांडी आत सोडली. हाताच्या दाबानं हळूहळू उतरत गेली, कुठं अडकली नाही, कुठं डगमगली नाही.

[दृश्य : आट्यांची लांब सळी, दोन नट, जाड वॉशर. हेडसेटचे, म्हणजे चिमटा ज्यावर वळतो त्या बेअरिंगांचे, कप आत जाताहेत.]

नव्या फ्रेमची पुढची नळी वर अरुंद, खाली रुंद आहे. ती निमुळत्या दांडीच्या चिमट्यासाठी केलेली असते. सरळ दांडीचा जुना चिमटा तीत बसतो, फक्त खालच्या बेअरिंगला माप कमी करणारी रिंग लागते. उलट सहसा जमत नाही. निमुळत्या दांडीचा चिमटा जुन्या सरळ नळीत शिरत नाही.

इथं आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते. चिमट्याची दांडी जुन्या फ्रेमच्या मापानं कापलेली असते. कापलेली दांडी लांब करता येत नाही. जुन्या हेडसेटचे कप नळीच्या बाहेर होते, नवे आत बसतात, त्यामुळं दांडी पुरली आणि वर दोन स्पेसर टाकायला जागा राहिली.

ब्रेकचं काम चटकन झालं. जुन्या फ्रेमवर कॅलिपर, म्हणजे चकतीला पकडणारा भाग, एका ॲडॉप्टरवर बसवला होता. नवीवर तो थेट बसतो, ॲडॉप्टर उरला. केबल आणि त्यांची नळकांडी सगळी नवीन घेतली. गिअरच्या आवरणात तारा सरळ असतात, ब्रेकच्या आवरणात गुंडाळलेल्या. गिअरचं आवरण ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फाटू शकतं. दुकानातून आणताना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पुढच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका रिंगेवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, नव्या फ्रेमवर जागाच नाही. तीन रिंगांच्या जागी एकच, ३२ दातांची, एक दात जाड एक दात बारीक अशी रिंग बसली. खडबडीत रस्त्यावर चेन उडू नये म्हणून ती तशी करतात. बोल्टही आखूड घ्यावे लागले. फ्रेमबरोबर मागचा डिरेलर ज्यावर टांगतात तो हँगर एक जादा घेतला, कारण प्रत्येक फ्रेमचा तो वेगळा असतो आणि चार वर्षांनी तो शोधत फिरावं लागतं.

शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटर. क्रँकचा बोल्ट मात्र ३५ च्या वर, आणि तो पहिल्या चालीनंतर पुन्हा तपासायचा.

[दृश्य : येळ्ळूरच्या पुढं, राजहंसगडाचा चढ. मागून सायकल.]

गडाचा रस्ता शेवटी उभा होतो. पूर्वी २२ दातांच्या रिंगेवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.४ मीटर पुढं जायची. आता तोच फेरा २ मीटरचा. पाय जड पडतात, आणि भाचा वर पोचला तेव्हा ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फ्रेम मात्र गप्प आहे. जोडांतून आवाज नाही, सीट हलत नाही, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागंपुढं केली तरी हेडसेटमध्ये खडखड नाही.

खाली आल्यावर मामांनी क्रँकचा बोल्ट तपासला. थोडा फिरला.

“ह्या चढाला बत्तीस जड पडतंय मामा.”

“तीसची मागव मग. ह्या क्रँकच्या चार बोल्टांवर तिसाच्या खाली रिंग बसत न्हाई. तीसला जमलं न्हाई तर मागं मोठी कॅसेट बघू, खरं तवा डिरेलर तेवढे दात घेतो काय ते आधी बघूया.”