पिल्सनचं बिअर संग्रहालय: आधी माल्टघर बघा

नमस्कार मंडळी. बडोद्याहून प्रागला जाणार असाल, तर एक दिवस चेकियातल्याच पिल्सन गावासाठी काढा. प्रागच्या मुख्य स्टेशनावरून रेल्वेनं साधारण दीड तास. बिअर पीत नसाल तरी जा, कारण तिथे बघायचं आहे ते धान्याचं काम.

पहिली चूक पत्त्यात होते. बिअर संग्रहालय जुन्या गावात आहे. पिल्सनर उर्क्वेल या बिअरचा कारखाना नदीपलीकडे, स्टेशनजवळ. नकाशात दोन्ही नीट बघून घ्या.

१२९५ साली हे गाव वसलं, तेव्हाच इथल्या घरमालकांना बिअर बनवायचा हक्क मिळाला. संग्रहालय हा हक्क असलेल्या अशाच एका घरात आहे. आत गेलात की माल्टघरात, म्हणजे धान्याला मोड आणून बिअरसाठी माल्ट करायच्या जागी, निवांत थांबा. घरी नाचणीचं सत्त्व करताना आपण धान्य भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. इथे तेच काम सातूवर (जवावर) चालायचं. भिजून ओलावा ४५ टक्क्यांच्या आसपास आला की दाणा थंड फरशीवर ४ ते ६ दिवस पसरायचा आणि फावड्यानं सतत उलटायचा. मोड फुटताना दाणा उष्णता सोडतो. ढीग तसाच राहिला तर आतून तापतो, मुळं एकमेकांत गुंततात, बुरशी धरते. उन्हाळ्यात फडक्यातली मटकी जास्त वेळ राहिली की चिकट होते ना, तसंच.

मग मोड आलेला दाणा वाळवायची भट्टी. जुन्या भट्टीत धूर थेट दाण्याला लागे, म्हणून बिअर गडद. १८३८ मध्ये गावकऱ्यांनी ३६ पिंपं खराब बिअर ओतून दिली आणि एकत्र येऊन नवा कारखाना काढला. तिथे १८४२ मध्ये बव्हेरियाच्या योसेफ ग्रोलनं धूर न लागलेलं फिकट माल्ट, झातेत्स गावचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पिल्सनचं मऊ, कमी क्षारांचं पाणी वापरलं. बिअर सोनेरी झाली.

त्यांची शिजवण्याची रीतही समजून घ्या. माल्टच्या भरड्यात गरम पाणी घालायचं, त्यातला साधारण एक तृतीयांश भाग वेगळ्या भांड्यात उकळून परत ओतायचा. असं तीनदा. थर्मामीटर नव्हता तेव्हा सगळ्या मिश्रणाचं तापमान टप्प्याटप्प्यानं वाढवायची ही युक्ती. ६२ ते ७२ अंशांत एन्झाइम पिठाची साखर करतात. सगळं एकदम उकळलंत तर एन्झाइम मरतात आणि हाती नुसती खळ येते!

संग्रहालयातूनच गावाखालच्या भुयारांची फेरी सुटते: सुमारे ८०० मीटर, डोक्यावर हेल्मेट, सोबत वाटाड्या. इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून वेळा आधी वेबसाइटवर बघा, भुयाराचं तिकीट पहिलं काढा आणि उरलेल्या वेळात संग्रहालय बसवा. आत जूनमध्येही गारठा आणि ओल असते. स्वेटर हवाच, चपला नकोत.

येताना बाटली आणू नका. गुजरातेत परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे, कस्टमनं सोडली तरी. जाड दांड्याचा काचेचा मग घ्या. त्यात मोजे कोंबा, वरून स्वेटर गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा.