लहान खोलीसाठी लहान स्पीकर

नमस्कार श्रोतेहो. घरातल्या छोट्या खोलीत गाणं नीट ऐकायचं असेल, तर स्पीकर कसे निवडावेत, याबद्दल आज बोलू या. छोटी खोली म्हणजे आपल्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम धरू: दहा फूट रुंद, बारा फूट लांब, साडेनऊ फूट उंच. त्यातही कपाट आणि पलंग आलेच.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, 'याला बास किती आहे?' अशा खोलीसाठी हाच प्रश्न उलटा विचारायला हवा. बास पुरेसा कमी आहे का, आणि जेवढा आहे तेवढा स्वच्छ आहे का? हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

हवेतून ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. एवढ्या लांबीत ४७ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं असलेल्या, ध्वनीची बरोबर अर्धी लहर मावते, त्यामुळे त्या स्वराला समोरासमोरच्या दोन भिंती घुमवत ठेवतात. दहा फुटांच्या रुंदीचा असा आकडा ५६ हर्ट्झ, आणि साडेनऊ फूट उंचीचा ५९. या आकड्यांच्या दुपटी-तिपटीलाही तेच घडतं. खोली चौरस असेल, दहा बाय दहा, तर लांबी आणि रुंदी दोन्ही ५६ वरच घुमतात, आणि छताचे ५९ त्यांना येऊन मिळतात. मग स्पीकर कुठल्याही कंपनीचा आणा, तो एकच पट्टा फुगून येतो. अशा खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली तुम्हाला जे ऐकू येतं, ते स्पीकरपेक्षा खोलीनंच जास्त ठरवलेलं असतं. त्याच्या वर मात्र स्पीकरचं राज्य. म्हणून पैसे खर्च करायचे ते २०० च्या वरच्या भागासाठी.

आता आपल्या गाण्याकडे या. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ वर. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २३३, खर्ज ११७. शिवाय तानपुऱ्याच्या नादात मूळ स्वरापेक्षा वरचे उपस्वरच जास्त भरलेले असतात. जवारीचं, म्हणजे तारेच्या त्या झंकाराचं, सगळं तेज तिथंच आहे. म्हणजे ६० हर्ट्झच्या खाली फारसं न उतरणारा छोटा स्पीकरसुद्धा ख्याल, नाट्यसंगीत, अभंग हे सगळं पुरतं देऊ शकतो. डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाची थाप तेवढी जरा हलकी येईल. बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झचा असतो, तो मात्र छोट्या डब्यातून पूर्ण वजनानं येणार नाही, हे आधीच मान्य करावं.

छोट्या खोलीच्या या प्रश्नावर सर्वांत सुंदर उत्तर दिलं ते बीबीसीच्या अभियंत्यांनी, १९७० च्या दशकात. बाहेरच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या गाड्यांमध्ये मोठा मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासायचा स्पीकर, मावत नव्हता. त्यासाठी त्यांनी एलएस थ्री फाइव्ह ए हा स्पीकर घडवला. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, आत जेमतेम पाच लिटर हवा, डबा पूर्ण बंद, पाच इंची वूफर, म्हणजे खालचे आणि मधले स्वर देणारा पडदा. बास तेवढाच ठेवला जेवढा स्वच्छ येईल, आणि माणसाचा आवाज खरा वाटावा यासाठी सगळे कष्ट घेतले. कारण निवेदकाचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तो किंचित बिघडला तरी कान पकडतो. त्याच आराखड्यावरचे स्पीकर आजही बनतात आणि विकत घेतले जातात. तुम्ही तोच घ्यावा असं नाही, पण खरेदी करताना त्यामागचा विचार जरूर लक्षात ठेवावा.

बंद डबा घ्यावा की पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर करणारं भोक, असलेला, हे पुष्कळजण विचारतात. बंद डब्याचा बास खाली जाताना हळूहळू उतरतो, सप्तकाला १२ डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप). पोर्टवाल्याचा आधी टिकून राहतो आणि मग २४ डेसिबलनं कोसळतो. भिंतीजवळ ठेवायचा असेल तर बंद डबा सोपा, कारण भिंत जे वाढवते ते या सावकाश उतारात मिसळून जातं. पोर्ट मागे आहे म्हणून भिंतीजवळ चालत नाही, हा समज अर्धवट आहे. खालचे स्वर डब्याभोवती सगळीकडे पसरतात, म्हणून पोर्ट पुढे असो वा मागे, भिंत बास वाढवणारच. मागच्या पोर्टला श्वास घ्यायला चारेक इंच मोकळी जागा मिळाली की झालं. तरी घुमला, तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून पाहा. अनेक कंपन्या तो सोबतच देतात.

माहितीपत्रक वाचताना डोळे उघडे ठेवा. '४५ ते २०,००० हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं, पण पुढे अधिक-उणे तीन डेसिबल ही मर्यादा नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. दुसरी गोष्ट, डबा छोटा, बास खोल आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणी तिन्हींचा दावा केला तर मागे फिरा. छोट्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ८३ ते ८६ डेसिबल असणं हे नेहमीचंच आहे. ८३ चा स्पीकर धरा. दोन्हीकडे एक-एक वॅट दिला तर सात फुटांवर साधारण ८० ते ८२ डेसिबल मिळतात. घरात सरासरी ७५ वर ऐकलं आणि तबल्याची थाप त्याच्या वर पंधरा-अठरा डेसिबल उसळली, तरी दहा-बारा वॅट पुरतात. थोडी मोकळीक म्हणून ३० ते ५० वॅटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्या. मात्र ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत अवरोधाचा, किमान आकडा विचारा. कागदावर आठ ओहम लिहिलेला स्पीकर मध्येच चारच्या खाली गेला, तर हलका अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि मोठ्या आवाजात फाटतो.

आणखी एक गुण पत्रकात क्वचित दिसतो, पण छोट्या खोलीत तोच सर्वांत मोलाचा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. पसंती मिळाली ती समोर सपाट प्रतिसाद देणाऱ्या, म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोरानं देणाऱ्या, आणि बाजूंनाही तसाच समतोल आवाज टाकणाऱ्या स्पीकरना. लहान खोलीत बाजूच्या भिंती हाताच्या अंतरावर असतात, त्यामुळे बाजूला गेलेला आवाज लगेच परत कानावर येतो. तो बेसूर असेल तर समोरचा चांगला आवाजही गढूळ होतो. दुकानात गाणं चालू ठेवून स्पीकरच्या समोरून दोन पावलं बाजूला सरका. गायकाचा आवाज एकदम पोकळ किंवा नाकातला झाला तर तो स्पीकर सोडून द्या.

आता मांडणी. दहा फुटांच्या भिंतीसमोर स्पीकर ठेवा, दोन्हींत सहा फूट अंतर, बाजूच्या भिंती दोन-दोन फुटांवर. स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून वूफर किती दूर असावा? इथं एक फसगत होते. भिंतीवरून परतलेला ध्वनी ठरावीक स्वराला नेमका उलटा येऊन मिळतो आणि तो स्वर खातो. दोन फूट अंतर ठेवलं तर खाल्ला जाणारा स्वर १४१ हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे काळी एकचा षड्जच! एक फुटावर आणलं तर तो खड्डा २८१ वर सरकतो. तिथं स्पीकरचा आवाज मागे कमी जातो, शिवाय भिंतीवरच्या जाड थरानं तो आवरताही येतो. म्हणून अशा खोलीत बारीक बासचा स्पीकर भिंतीलगत ठेवणं जास्त शहाणपणाचं. बास भिंत पुरवते. कोपरा मात्र टाळा.

तुमची बैठक खोलीच्या बरोबर मध्ये नको. तिथं ४७ हर्ट्झ जवळपास नाहीसा होतो. तुमच्या मागच्या भिंतीला टेकूनही नको. तिथं तोच सर्वांत जास्त घुमतो. मागच्या भिंतीपासून साडेचार फूट पुढे बसा. मग प्रत्येक स्पीकर सुमारे सात फुटांवर येतो. रुंदीतला ५६ चा घुमारा दोन्ही स्पीकर मध्यापासून सारख्या अंतरावर असले की बराचसा आपोआप मिटतो, म्हणून फूटपट्टी लावून अंतर सारखं करा.

ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर देणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीवर हवा. सोफ्यावर बसून कान अंदाजे ३८ इंचांवर येतो, पण गादीवर मांडी घालून बसलात तर २८ इंचांवर. बाजारातले स्टँड खुर्चीच्या हिशेबानं बनवलेले असतात. बैठकीवर ऐकणाऱ्यांनी १८ इंची स्टँड सुताराकडून किंवा वेल्डरकडून करून घ्यावा आणि त्याच्या पोकळ नळीत कोरडी वाळू भरावी, म्हणजे तो वाजणार नाही.

खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. 'टर्र' असा फडफडता आवाज परत आला, तर समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत. पातळ पडद्यानं काम होत नाही, उलट तो फक्त वरचे स्वर खातो आणि खोली मंद तरीही घुमणारी राहते. स्पीकर आणि तुम्ही यांच्यामध्ये टाइल्सवर जाड गालिचा टाका. मग कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून ज्या ठिकाणी त्यात ट्वीटर दिसेल, तिथं चार इंच जाडीचं रॉकवूल कापडात शिवून लावा, किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट ठेवा. माळ्यावरचे स्टीलचे डबे आणि खिडकीची सैल काच हेही तपासा. कित्येकदा स्पीकर खरखरतो असं वाटतं ते त्यांच्यामुळेच.

सक्रिय स्पीकर, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले, हाही उत्तम मार्ग आहे. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलच्या मागे बास दोन, चार, सहा डेसिबलनं उतरवण्याची बटणं असतात, ती भिंतीजवळ फार उपयोगी पडतात. फक्त जवळून ऐकताना सुसकारा येतो का, ते गाणं बंद ठेवून पाहा. फक्त बास देणारा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर, दहा बाय बाराला लगेच लागत नाही.

दुकानात दोन जोड्या तुलनेला लावाल तेव्हा आवाजाची पातळी फोनवरच्या मीटरनं सारखी करून घ्या. थोडा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो. सुरुवात बातम्यांच्या आवाजानं करा, मग ओळखीचा गायक, मग नुसता तानपुरा, तेही हलक्या आवाजात.

घरी आल्यावर जोडणी करा ती दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरनं, तीन-चार मीटरला ती भरपूर झाली. लाल टोक लालला, काळं काळ्याला. शंका असेल तर वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडवा आणि दीड व्होल्टच्या सेलचं अधिक टोक लाल वायरला, उणे टोक काळ्या वायरला क्षणभर टेकवा. दोन्ही वूफर बाहेर यायला हवेत. एक आत गेला, तर त्या बाजूची टोकं उलटी लागली आहेत. तशी ती राहिली तर बास गायब होतो आणि गायक दोन स्पीकरच्या मध्ये दिसण्याऐवजी खोलीभर विखुरतो.