सालीखालची यादी : एका प्रदेशातल्या रत्नभुंगेऱ्यांचं सर्वेक्षण

[दृश्य : भर दुपार. उन्मळून पडलेल्या झाडाचं उन्हात तापलेलं खोड. सालीवर एक हिरवी-तांबूस चमक आणि लगेच रिकामी साल.]

दिसला? नसेल दिसला, तर तो तुमच्या डोळ्यांचा दोष नव्हे. रत्नभुंगेरा कडक उन्हात इतका चपळ असतो, की नुसती सावली अंगावर आली तरी उडून जातो. डोकं लहान, पण त्यावरचे डोळे मोठे, हालचाल चटकन टिपणारे. काही जाती उडायचे कष्टही घेत नाहीत. पाय पोटाशी घेतात, पकड सोडतात आणि थेट पाचोळ्यात पडतात. तिथे त्यांना शोधणं जवळपास अशक्य.

ज्वेल बीटल, सोनपाखरू, रत्नभुंगेरा अशा नावांनी आपण ओळखतो ते हे कुळ, शास्त्रीय नाव ब्युप्रेस्टिडी. जगभरात त्याच्या सुमारे १५ हजार जातींची नोंद झाली आहे. त्यांतल्या आग्रिलस या एकट्या वंशातच ३ हजारांहून जास्त जाती आहेत. प्राणिसृष्टीतला सर्वांत मोठा वंश म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. यांपैकी एखाद्या प्रदेशात नेमक्या कोणत्या जाती राहतात, हे शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात करायची ती झाडांपासून.

कारण सरळ आहे. हा चमकणारा, उडणारा कीटक म्हणजे आयुष्याचा शेवटचा, अगदी थोडका भाग. बहुतेक जातींमध्ये प्रौढ जगतो काही आठवडे. त्याआधी सालीखाली किंवा लाकडाच्या आत अळी म्हणून तो एक वर्ष काढतो, दोन काढतो, कधी त्याहून कितीतरी जास्त. जाळं घेऊन रानात फिरणाऱ्याच्या हाती लागते ती फक्त ही शेवटच्या आठवड्यांतली मंडळी. बाकी सगळी वस्ती लाकडात आहे. म्हणून या सर्वेक्षणात झाडं ओळखणारा माणूस हवाच हवा. कीटक ओळखणाऱ्याइतकंच महत्त्व त्याला आहे, असं माझं ठाम मत आहे.

[दृश्य : वाळलेल्या फांदीचा तुकडा, अगदी जवळून. सालीची ढलपी चाकूने हळूच उचलली जाते.]

इथे नीट पाहा. सालीच्या आतल्या बाजूला नागमोडी वाट कोरलेली आहे. सुरुवातीला दोऱ्याएवढी बारीक, पुढे रुंद होत गेलेली. अळी वाढत गेली तशी वाटही वाढली. आत ठासून भरलेला आहे तो भुसा आणि विष्ठा. आणि ही अळी. डोक्यामागचा भाग पसरट आणि चपटा, त्यामागे लांबट, बारीक शरीर. पाय नाहीत. लाकूड पोखरणाऱ्या इतर भुंगेऱ्यांच्या अळ्या इतक्या चपट्या नसतात, त्यामुळे हिचं कुळ पाहता क्षणी कळतं. जात मात्र नुसत्या अळीवरून सांगणं फार कठीण.

आता हे भोक. आग्रिलसचा प्रौढ याच भोकातून बाहेर पडला. एक कड सपाट, दुसरी गोलाकार. भुंगेऱ्याची पाठ सपाट आणि पोट फुगीर असतं, आणि तो स्वतःच्या अंगापुरतंच भोक पाडतो. आता समोर एकही कीटक नाही, तरी आग्रिलस इथे राहून गेला हे सालीवर लिहिलेलं आहे. जास्त चपट्या जातींची भोकं लांबट अंडाकृती असतात. भोकाची रुंदी, आकार, झाडाचं नाव आणि फांदीची जाडी एवढं वहीत उतरवलं तरी अर्धी नोंद झाली.

मरू घातलेलं झाड, वादळात मोडलेली फांदी, वीज पडून एका बाजूने वाळलेलं खोड, नुकताच तोडलेला ओंडका, वर्षानुवर्षं उभं असलेलं वठलेलं झाड. यांतल्या प्रत्येक ठिकाणचे रहिवासी निराळे. कुणाला अशक्त पण जिवंत झाड लागतं, कुणाला ताजं मेलेलं, कुणाला खडखडीत वाळलेलं. क्रायसोबोथ्रिस वंशातल्या माद्या उन्हात पडलेल्या ताज्या ओंडक्यावर भराभर पळत सालीच्या फटी चाचपतात आणि तिथे अंडी घालतात. तोच ओंडका सावलीत असेल तर बहुधा त्याच्याकडे फिरकणारही नाहीत.

मेलानोफिला वंशातले भुंगेरे तर आगीच्या दिशेने जातात. त्यांच्या छातीच्या दोन्ही बाजूंना, मधल्या पायांजवळ, उष्णतेची अवरक्त किरणं टिपणारे खळगे असतात. नुकत्या जळालेल्या झाडांत त्यांच्या अळ्या वाढतात. १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा इथे तेलाच्या टाक्या पेटल्या, तेव्हा हे भुंगेरे मोठ्या संख्येने तिथे येऊन पोचल्याची नोंद आहे. आसपास त्यांच्या उपयोगाचं जंगल नव्हतं, तरीही. तेव्हा प्रदेशात कुठे वणवा लागून गेला असेल, तर सर्वेक्षण करणाऱ्यांनी सुरक्षित होताच तिथे पोचावं. काही महिन्यांनी जाऊन उपयोग नाही.

अपवादही आहेत. स्टर्नोसेरा, ज्युलोडिस यांच्या अळ्या लाकडात राहतच नाहीत. त्या जमिनीत राहून मुळं खातात. ट्रॅकिस वंशातल्या, जेमतेम काही मिलिमीटरच्या जाती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये वाढतात आणि पानावर फिकट डाग पडतो. असं डागाळलेलं पान उजेडासमोर धरलं, तर आत अळी हलताना दिसते. झुडपं आणि वेली वगळून केलेल्या सर्वेक्षणात हे बारके भुंगेरे हमखास सुटतात.

[दृश्य : सकाळ, गवतावर दव. फांदीखाली पांढरं कापड धरलेलं. काठीचा एक टोला.]

प्रौढ पकडायचे तर सकाळ बरी. अंग गार असतं तोवर ते सुस्त असतात आणि पकड सोडण्याची त्यांची सवय आपल्या पथ्यावर पडते. फांदीखाली पांढरं कापड धरायचं, काठीने एकच जोरकस टोला द्यायचा आणि कापडावर काय पडलं ते लगेच पाहायचं. ऊन चढलं की जाळं हातात घ्यायचं आणि फुलांकडे वळायचं. अँथॅक्सिया, अ‍ॅक्मिओडेरा यांसारखे फुलांवर येणारे वंश पिवळ्या रंगाच्या, साबणाचं पाणी भरलेल्या उथळ भांड्यांतही सापडतात. अ‍ॅक्मिओडेराचे पुढचे कडक पंख एकमेकांना जोडलेले असतात. ते न उघडताच तो खालून मागचे पंख काढतो आणि उडतो. उडताना तो इतका मधमाशीसारखा दिसतो, की अनुभवी नजरही फसते.

झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्यांसाठी हिरवे आणि जांभळे चिकट सापळे उंच टांगतात. रंगांची निवड मनाला आली म्हणून केलेली नाही. हे कीटक नजरेवर चालतात. जोडीदार, पान, साल, सगळं ते रंग आणि चमक यांवरून शोधतात. रात्रीच्या दिव्याच्या सापळ्यात मात्र ते क्वचितच येतात, कारण त्यांचा कारभार दिवसाचा.

आणखी एक पद्धत आहे. तिच्यात भुंगेरे शोधायचं काम एक गांधीलमाशी करते.

[दृश्य : टणक वाळूची मोकळी जमीन. पेन्सिलीएवढ्या जाडीची भोकं. एक माशी पोटाखाली काहीतरी हिरवं धरून उतरते.]

सर्सेरिस वंशातल्या काही माश्या आपल्या पिल्लांसाठी रत्नभुंगेऱ्यांचीच शिकार करतात. एकोणिसाव्या शतकात लिओँ द्युफूर या फ्रेंच अभ्यासकाने त्यांची बिळं उकरली, तेव्हा आत शेकडो रत्नभुंगेरे निघाले. सगळे ताजे, सांधे मऊ, रंग जसेच्या तसे. त्याला वाटलं, माशी काहीतरी टिकाऊ द्रव सोडत असणार. पुढे झाँ-आंरी फाब्र या फ्रेंच कीटक-अभ्यासकाने दाखवून दिलं, की माशी मज्जातंतूंच्या केंद्रावर नेमका डंख मारते. भुंगेरा मरत नाही, लुळा पडतो.

उत्तर अमेरिकेत सर्सेरिस फ्युमिपेनिस या माशीची मदत आज रीतसर घेतली जाते. तिच्या वसाहती खेळाच्या मैदानांसारख्या उघड्या, वाळूच्या जागी असतात. शिकार घेऊन परतणाऱ्या माशीवर स्वयंसेवक जाळं टाकतात, भुंगेरा काढून घेतात आणि माशीला सोडून देतात. माणसाला झाडाच्या शेंड्यावर कधीच दिसला नसता असा भुंगेरा असा जमिनीवर हाती येतो. अर्थात माशीलाही तिची आवड आहे. तिला पेलेल एवढ्याच आकाराची शिकार ती आणते. म्हणून तिची यादी जमेस धरायची, पण तीच पूर्ण यादी मानायची नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर २००२ साली अमेरिकेत काय झालं ते ऐका. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट परिसरात अ‍ॅशची झाडं मरत होती. सालीखाली एक हिरवा, सेंटिमीटरभर लांबीचा भुंगेरा सापडला. तिथल्या कुणालाच तो ओळखता येईना. अखेर स्लोव्हाकियातले आग्रिलसचे जाणकार एदुआर्द येन्देक यांच्याकडे नमुने गेले आणि नाव कळलं : आग्रिलस प्लॅनिपेनिस, पूर्व आशियातली जात. हे नाव १८८८ पासून शास्त्राच्या दप्तरी होतं. पुढे मेलेल्या झाडांच्या खोडातली वर्तुळं तपासली गेली, तेव्हा उलगडलं की १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात किंवा मध्यावरच तो तिथे येऊन स्थिरावला होता. म्हणजे कित्येक वर्षं तो सालीखाली वाढत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर अ‍ॅशची कोट्यवधी झाडं गेली.

आपल्या प्रदेशात मूळचं कोण आहे, हे आधी नीट लिहून ठेवलेलं असेल तरच पाहुणा वेळेवर ओळखू येतो.

[दृश्य : टेबलावर सूक्ष्मदर्शी. टाचणीवर एक बारीक, काळपट-हिरवा नमुना.]

आता ओळख पटवण्याचं काम. इथे घाई अजिबात चालत नाही. या पंखांवरचा रंग बहुतांशी रंगद्रव्याचा नाही. कवचाच्या बाहेरच्या थरात एकावर एक अतिशय पातळ पदर असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा हा खेळ आहे. साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात तसा कोन बदलला की हिरवा तांबूस होतो. म्हणून कीटक मेल्यावरही चमक जात नाही. जपानमधल्या होर्युजी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे. तो या भुंगेऱ्यांच्या पंखांनी सजवला होता आणि त्यातले थोडे पंख अजून शिल्लक आहेत. पण याच कारणामुळे नुसत्या रंगावरून जात ठरवणं धोक्याचं. एकाच जातीत हिरवे, निळे आणि तांब्यासारखे नमुने मिळू शकतात. आग्रिलसमध्ये तर बरेचदा नराचे जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शीखाली पाहिल्याशिवाय निकाल लागत नाही. डीएनएची मदत होते, पण जुळवून पाहायला खात्रीने ओळखलेला संदर्भ नमुना आधी हवा.

म्हणून टाचणीखालची चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची. ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, उंची, झाड. आणि एक गोष्ट कधीच गाळायची नाही : भुंगेरा झाडावर बसलेला होता, की त्याच्या लाकडातून बाहेर आला? पिवळ्या फुलावर पराग खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी भलत्याच झाडात वाढलेली असू शकते. फुलाचं नाव खाद्यवनस्पती म्हणून एकदा छापलं गेलं, की ती चूक यादीतून यादीत फिरत राहते.

लाकडालाही स्वतःचा प्रवास असतो. ब्युप्रेस्टिस ऑरुलेंटा या उत्तर अमेरिकी जातीच्या अळ्या इमारतीच्या वाळलेल्या लाकडात अडकून राहतात. लाकूड बसवल्यावर ५० वर्षांनंतरही प्रौढ बाहेर आल्याची नोंद आहे. एखाद्या घरात सापडलेला भुंगेरा त्या प्रदेशाचा नसून, दूरवरून आलेल्या तुळईचा असू शकतो.

मग यादी पूर्ण झाली, हे कसं ठरवायचं? न सापडलेल्या जाती किती असतील, याचा संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी १९८४ साली मांडलेला एक अंदाज इथे कामाला येतो. समजा, ४० जाती मिळाल्या. त्यांतल्या १२ एकेकदाच सापडल्या आणि ६ दोनदोनदा. १२ चा वर्ग १४४. त्याला ६ च्या दुपटीने, म्हणजे १२ ने भागलं की उत्तर १२. अजून निदान १२ जाती नजरेतून सुटल्या आहेत, असा याचा अर्थ. यादी ४० ची, पण वस्ती किमान ५२ ची. शोधूनही सापडला नाही अशा फेऱ्यांचे तास, हवामान आणि जागा लिहिल्या असतील, तर पुढच्या माणसाला त्या सुटलेल्या जाती कुठे शोधायच्या हे कळतं. रिकाम्या हाताने परतलेला दिवसही वहीत हवा.

युरोपातला ब्युप्रेस्टिस स्प्लेंडेन्स आज जुन्या पाइन जंगलांच्या थोड्याशा तुकड्यांत उरला आहे. पोलंडमधलं बियालोवियेझा त्यांतलं एक. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, पण त्याला लागतात ती उन्हात उभी असलेली मेलेली जुनी झाडं. जंगल साफ करण्याच्या नावाखाली ती झाडं हलवली, तर या कीटकाकडे जायला दुसरी जागा नाही. सर्वेक्षण करणाऱ्यांनीही हे भान ठेवायला हवं. परवानगीशिवाय नमुने घ्यायचे नाहीत. जिवंत झाडाची साल सोलायची नाही. वठलेल्या खोडाचा तुकडा घ्यायचाच असेल तर छोटा, आणि बाकीचं खोड जागेवर.

[दृश्य : झाकणबंद पेट्यांची रांग. प्रत्येकीला एक काचेची बाटली जोडलेली, प्रत्येकीवर चिठ्ठी.]

आणि हे आणलेले तुकडे. पेटी अंधारी, उजेड फक्त या बाटलीतून. बाहेर पडलेला भुंगेरा उजेडाकडे येतो आणि बाटलीत सापडतो. मग झाड कोणतं, फांदी किती जाडीची, लाकूड कधी आणलं, हे सगळं त्याच्याबरोबर आपोआप येतं. लाकूड फार कोरडं पडू नये म्हणून अधूनमधून पाणी शिंपडतात. पहिल्या हंगामात बाटली रिकामी राहिली म्हणून पेटी टाकून द्यायची नाही. निदान दोन-तीन वर्षं ठेवायची, आणि दर हंगामात बाटली रोज बघायची.