कुंभार आणि वारूळ

[दृश्य : टेंभूचा बंधारा, पहाट. पंपगृहातून चढावर गेलेल्या जाड नळांची रांग.]

कऱ्हाडच्या खालच्या अंगाला कृष्णेचे पाणी इथे अडवले जाते आणि पंपांच्या जोरावर टप्प्याटप्प्याने वर चढवून आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोला अशा पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या तालुक्यांकडे नेले जाते. टेंभू हे नाव आज बहुतेकांना ठाऊक आहे ते या उपसा सिंचन योजनेमुळे. वीज असेल तर पाणी चढते, वीज गेली की थांबते. त्यात कोणाच्या कृपेचा संबंध नाही. तरीही कालव्याला पहिले पाणी येते तेव्हा काठावर गाव गोळा होते, नारळ फुटतो आणि बायका वाहत्या पाण्यात खणानारळाची ओटी सोडतात. ओटी सोडणाऱ्या बाईला पंप ठाऊक नसतो असे समजण्याचे कारण नाही. पाणीपट्टी किती थकली आहे, हेही तिला तोंडपाठ असते.

याच टेंभू गावात 14 जुलै 1856 रोजी गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. देव मानणे अधिक सयुक्तिक की न मानणे अधिक सयुक्तिक, हा प्रश्न मराठीत उघडपणे, छापील अक्षरांत आणि परिणामांची पर्वा न करता मांडणाऱ्यांत त्यांचे नाव अगदी वरचे आहे. मात्र प्रश्न त्यांच्याहून फार जुना आहे, आणि तो पश्चिमेकडून आला, ही समजूतही खरी नाही.

[दृश्य : कुंभाराचे चाक. फिरत्या गोळ्यावर ओले हात.]

गोळा चाकाच्या मधोमध बसला की कुंभार दोन्ही अंगठे त्याच्या पोटात दाबतो, आणि बोटांच्या चिमटीतून मातीची भिंत वर चढू लागते. बोट जरा जास्त दाबले गेले, तर कड लचकते. पाणी जास्त झाले, तर सारे खाली बसते. शेवटी तो ओल्या दोऱ्याने मडके बुडापासून कापतो आणि दोन्ही तळहातांवर अलगद उचलून उन्हाच्या कडेला ठेवतो. या हातांवर कॅमेरा इतका वेळ रेंगाळला आहे, कारण ईश्वराच्या अस्तित्वाचा भारतातील सर्वांत गाजलेला युक्तिवाद याच हातांवर उभा आहे.

दहाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत होऊन गेलेल्या, तर्काला वाहिलेल्या न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात तो सविस्तर मांडला. मडके हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता आहे. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीही कार्येच आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे; आणि एवढे अफाट कार्य घडवणारा कर्ता सर्वज्ञच असला पाहिजे. इंग्लंडमध्ये विल्यम पेली यांनी 1802 साली माळावर सापडलेल्या घड्याळावरून जगाच्या कर्त्याचा जो दाखला दिला, त्याच्या आठ शतके आधी आपल्याकडे मडक्याचा दाखला असा घासूनपुसून तयार होता. उदयनाचार्यांविषयी एक आख्यायिका आहे. जगन्नाथपुरीला देवळाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही, तेव्हा ते देवाला म्हणाले, की ऐश्वर्याच्या मदात तू आज माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध चालून आले म्हणजे तुझे अस्तित्व माझ्यावरच अवलंबून आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, देवाला वकील लागतो हे तिने बिनदिक्कत कबूल केले आहे.

[दृश्य : माळावरचे वारूळ. कॅमेरा हळूहळू जवळ. ओल्या कडेवर वाळवी.]

मात्र उदयनाचार्यांच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी या युक्तिवादाच्या वर्मावर बोट ठेवले होते. मातीला आकार आलेला दिसला की कुंभार मानायचा असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. पडद्यावर दिसणारी ही कड नीट पाहावी. प्रत्येक वाळवी तोंडात मातीचा एक ओला कण आणते, आधीच्या कणाशेजारी चिकटवते आणि मागे वळते. आतले बोगदे, हवा खेळण्याच्या वाटा, मध्यभागाची दालने हे सगळे त्यातून उभे राहते, पण यांपैकी एकाही जिवाच्या डोक्यात वारुळाचा आराखडा नसतो. मडक्याला कर्ता असतो हे आपण म्हणू शकतो, कारण आपण कुंभाराला मडके करताना पाहिलेले असते. जग करताना कोणाला कोणी पाहिलेले नाही. व्याप्ती, म्हणजे कार्य आणि कर्ता यांची अटळ जोड, जिथे पाहिलेली नाही, तिथे अनुमान लंगडे पडते. हा आक्षेप न्यायशास्त्राच्या स्वतःच्या भाषेतला आहे आणि आमच्या मते त्याला पुरेसे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

याहून चकित करणारी बाब म्हणजे वेदांना शब्दशः प्रमाण मानणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या पंडितांनीही जगाचा कर्ता नाकारला. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी विचारले, की सृष्टीच्या आधी दया करण्यासारखे कोणी नव्हतेच, तर मग ईश्वराने कोणावर दया म्हणून सृष्टी केली. आणि दयेपोटीच केली असेल, तर तिच्यात एवढे दुःख का घातले? सांख्य दर्शनाच्या मूळ मांडणीतही ईश्वराची गरज भासत नाही. तरीही ही दोन्ही दर्शने ‘आस्तिक’ गणली गेली, कारण मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले होते. ईश्वर मानणे न मानणे ही कसोटीच नव्हती. आज घराघरांत ‘नास्तिक’ हा शब्द शिवीसारखा फेकला जातो, तेव्हा तो फेकणाऱ्याला आपल्याच परंपरेतील अर्धे पंडित त्याच्या टप्प्यात येतात याची कल्पना नसते.

[दृश्य : जुन्या वाड्याची रिकामी ओसरी. सारवलेली जमीन, तिरपे ऊन.]

उदयनाचार्यांच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या ओसरीवर घागर नाही असे आपण ठामपणे म्हणतो, कारण घागर असती तर ती दिसली असती. ईश्वर मुळातच इंद्रियांना दिसणारा नाही. तेव्हा तो दिसत नाही एवढ्यावरून तो नाही असे ठरत नाही. हा मुद्दा बिनतोड आहे. प्रतिपक्षाने त्यावर सशाच्या शिंगाचा दाखला पुढे केला, की अशाने सशाचे न दिसणारे शिंगही नाकारता येणार नाही; आणि उदयनांनी उत्तर दिले, की शिंग ही दिसणाऱ्या जातीतली वस्तू आहे, त्यामुळे ते न दिसणे हा पुरावा ठरतो. वाद इथे बरोबरीत सुटल्यासारखा वाटतो. पण ‘नाही असे सिद्ध होत नाही’ येथपासून ‘आहे’ येथपर्यंतचे अंतर मोठे आहे, आणि ते तोडण्याची जबाबदारी ‘आहे’ म्हणणाऱ्यावरच राहते.

[दृश्य : ‘सुधारक’चा बांधीव खंड. पिवळी पाने उलटणारा हात.]

आगरकर उभे राहिले ते याच जागेवर. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत, पडेल ते काम करीत ते शिकले, डेक्कन कॉलेजात त्यांनी मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचले, आणि एम. ए. होण्याच्या सुमारास आईला कळवून टाकले, की मोठ्या पगाराची आशा धरू नये, मुलगा पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी खर्च करणार आहे. 1881 साली सुरू झालेल्या ‘केसरी’चे ते संपादक होते, 1887 मध्ये मतभेदांमुळे त्यांनी ते काम सोडले आणि ऑक्टोबर 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. हा खंड उघडताना पानांच्या घडीवर कागदाचा भुगा होतो, म्हणून तो टेबलावर आडवा ठेवूनच वाचावा लागतो. पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. मराठी मजकुरात आगरकरांचे वाक्य लांब, पल्लेदार, आणि शेवटी दणका देणारे.

‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देव आहे की नाही, यापेक्षा देवाची कल्पना माणसाला सुचली कशी, याचा माग काढला. निसर्गाच्या शक्तींचे भय, स्वप्नात दिसणारे मेलेले आप्त, त्यांच्या संतोषासाठी ठेवलेले अन्न, आणि कालांतराने त्या पितरांना चढलेले देवपण, अशी स्पेन्सरच्या धाटणीची ही मांडणी आहे. तिला एक मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एखादी कल्पना भीतीतून जन्मली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. सापाची भीतीही भीतीच असते, आणि साप असतो. पण देवाची कल्पना पुराव्यातून आली, असे म्हणणाऱ्याचा आधार मात्र ती काढून घेते. आगरकरांनीही ‘देव नाही हे मी सिद्ध केले’ असा दावा केला नाही. विश्वाच्या आदिकारणाविषयी माणसाला काही कळू शकत नाही, म्हणून त्याच्या नावाने सोवळे, केशवपन आणि बालविवाह लादण्याचा कोणालाही अधिकार नाही, एवढाच त्यांचा आग्रह होता. अज्ञेयाच्या नावाने विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरवता येत नाही, हे पुण्यात सांगणे त्या काळी पुरेसे स्फोटक होते.

[दृश्य : गिरगावातील प्रार्थना समाजाचे मंदिर. मूर्ती नसलेले सभागृह, बाकांच्या रांगा.]

त्यांच्यासमोरचा सर्वांत तोलामोलाचा श्रद्धावान कर्मठ मुळीच नव्हता. 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्याचे आधारस्तंभ बनले. अवतार नाही, मूर्ती नाही, कोणताही ग्रंथ ईश्वरदत्त नाही. हे सगळे वजा करूनही एक न्यायी, दयाळू ईश्वर उरतो आणि विवेकबुद्धी ही त्याचीच खूण आहे, असे ते मानीत. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आठवणींत लिहून ठेवले आहे, की हा गंभीर न्यायाधीश पहाटे अंथरुणावर बसून तुकोबांचे अभंग म्हणत चुटक्या वाजवीत असे. त्यांनी निवडलेला साथीदारही नमुनेदार आहे. तुकोबांच्या गाथेत विठ्ठलाला कवटाळणारे अभंग आहेत, तसे आपल्या लेखी देव मेला असे संतापून सांगणारेही आहेत.

रानड्यांचा प्रश्न मडक्याच्या युक्तिवादाहून खोल आहे. जगाचे स्पष्टीकरण ईश्वरावाचून होईलही, पण ज्याचा काही लाभ नाही असे कर्तव्य माणसाने का करावे? वर कोणी पाहणारा नसेल, तर त्याग करणारा वेडाच नव्हे का?

[दृश्य : महात्मा फुले वाडा. अंगण, विहीर, तुळशीवृंदावन.]

जोतीराव फुल्यांनी या प्रश्नाला तिसऱ्याच बाजूने हात घातला. त्यांचा ‘निर्मिक’ जग निर्माण करतो, पण त्याला भट लागत नाही, नैवेद्य लागत नाही, आणि त्याने कोणाला खालच्या जातीत घातलेले नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 मध्ये प्रसिद्ध झाले. निर्मिक आहे हे जोतीरावांनी गृहीतच धरले, त्याचा पुरावा शोधत ते बसले नाहीत. 1868 साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, आणि पाणी भरायला येणाऱ्याला तर्कशास्त्राची गरज पडली नाही.

[दृश्य : पुण्याच्या पेठेतला अरुंद बोळ. वरच्या मजल्याची खिडकी.]

रानड्यांच्या प्रश्नाचे उत्तर आगरकरांच्या निबंधांत शोधले तर अर्धवट सापडते. पुरते सापडते ते अशा बोळात, जिथून सनातन्यांनी आगरकर जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. स्वतःची तिरडी त्यांनी घरातून पाहिली, आणि पुढच्या अंकाचा मजकूर लिहिण्यात खंड पडला नाही. दमा जडलेला होता, संसार ओढग्रस्तीचा होता, परलोकात भरपाई मिळेल ही आशा त्यांनी स्वतःच खोडून टाकली होती. 1892 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि 17 जून 1895 रोजी, चाळिशीही न गाठता, गेले. वर कोणी पाहत नाही असे मानणाऱ्याने एवढे सोसले, ही घटना रानड्यांच्या युक्तिवादाला पडलेले खिंडार आहे. एका माणसाच्या आयुष्याने ईश्वर खोटा ठरत नाही, हे खरे. पण ईश्वराशिवाय नीती उभी राहत नाही हे विधान खोटे ठरायला एक माणूस पुरतो.

[दृश्य : फर्ग्युसनची मुख्य इमारत. सायकली, मुलामुलींचे घोळके.]

त्याच कॉलेजचे प्राचार्यपद पुढे रँग्लर परांजप्यांकडे आले, आणि त्यांनीही आपला बुद्धिवाद कधी लपवला नाही. देवाधर्माविषयी तटस्थ राहून केवळ अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या झाडून हत्या झाली, आणि त्यानंतर चार महिन्यांत जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला.

[दृश्य : ओसरी पुन्हा. कोनाड्यातली समई, खाली रांगोळीची दोन बोटे.]

आगरकरांच्या घरात यशोदाबाई होत्या, आणि त्या श्रद्धाळू होत्या. नवऱ्याची मते त्यांना पटत नसत. सोवळेओवळे, व्रते त्या पाळीत. ज्याने सोवळ्याची मीमांसा छापून साऱ्या गावाचा रोष ओढवून घेतला, त्याने घरात मात्र पत्नीवर मतांची सक्ती केली नाही. तो वाद घालीत असे, आणि वाद संपला की तिचा देव तिच्याकडे राहत असे.

[दृश्य : टेंभूचा कालवा. पाण्यावरून जाणारा हिरवा खण. पंपाचा आवाज. निवेदन नाही.]